एका त्रिकोणातल्या तीन नित्यसमानता

कंपासपेटीतले दोन गुण्ये बाहेर काढा. बहुतेक मुलांचे ते दहावी संपेपर्यंत जवळजवळ नवेच राहतात. कर्कटकाचं टोक बोथट होतं, पट्टीवरचे आकडे पुसले जातात, आणि गुण्ये मात्र समांतर रेषा काढण्यापुरते बाहेर येऊन परत पेटीत जातात. एका गुण्याचे कोन ३०, ६० आणि ९० अंशांचे असतात, दुसऱ्याचे ४५, ४५ आणि ९०. आज पहिला हवा आहे. सोबत पट्टी आणि कोरा कागद घ्या.

गुण्याच्या बाहेरच्या कडेने पेन्सिल फिरवून त्रिकोण उमटवा आणि तिन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत मोजा. माझ्या त्रिकोणात ३० अंशांच्या समोरची बाजू ७२ मिलिमीटर आली, कर्ण १४४ आणि उरलेली बाजू १२५. आता दोन भागाकार करा. ७२ भागिले १४४ म्हणजे ०.५. १२५ भागिले १४४ म्हणजे सुमारे ०.८६८. दोन्ही उत्तरांचे वर्ग करून बेरीज घ्या: ०.२५ अधिक ०.७५३, म्हणजे १.००३. पट्टीने मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. तेवढं सोडलं तर उत्तर १ आहे. तुमचा गुण्या लहान असो की मोठा, बेरीज १ च्या आसपासच येईल. दहावीच्या त्रिकोणमितीतली पहिली नित्यसमानता, म्हणजे कुठल्याही कोनाला खरी ठरणारी बरोबरी, तुम्ही आत्ता हाताने मोजलीत.

या प्रकरणात मुलं अडखळतात ती बहुधा एकाच सवयीमुळे. सूत्रांची यादी पाठ करायची आणि मग समोरच्या उदाहरणात कुठलं सूत्र बसतं ते चाचपत राहायचं. यादी अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलेली असते, तोंडपाठही असते. तरी ‘सेकच्या वर्गातून टॅनचा वर्ग वजा केला की १ च का उरतो?’ असं विचारलं की मूल यादीकडेच बघतं. खरं तर त्या यादीत एकच वाक्य आहे, आणि ते त्रिकोणमिती सुरू होण्याच्या आधीच शिकून झालेलं असतं: काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. पायथागोरसचं हे प्रमेय दर वेळी वेगळी बाजू १ धरून लिहिलं की तीन मूलभूत नित्यसमानता मिळतात. बाकी सगळं आठवीतलं बीजगणित आहे.

भागाकार का बदलत नाही

शाळेत फळ्यावर काढायला एक मोठा लाकडी गुण्या असायचा. त्यातही ३० अंशांच्या समोरची बाजू कर्णाच्या निम्मीच असते. फळ्यावरचा मोठा त्रिकोण आणि वहीतला छोटा त्रिकोण समरूप आहेत. बाजू मोठ्या झाल्या, पण सगळ्या सारख्याच पटीत, म्हणून त्यांचा भागाकार तसाच राहिला. अख्खी त्रिकोणमिती या एका गोष्टीवर उभी आहे. काटकोन त्रिकोणात एक लघुकोन ठरला की त्रिकोणाचा आकार ठरतो आणि आकार ठरला की कोणत्याही दोन बाजूंचं गुणोत्तर ठरतं. म्हणूनच ‘साइन ३०° बरोबर १/२’ म्हणताना त्रिकोण केवढा होता हे कोणी विचारत नाही.

ज्या कोनाबद्दल बोलतो आहोत त्याला पुस्तकात थीटा हे ग्रीक अक्षर देतात. थीटाच्या समोरची ती संमुख बाजू, थीटाला चिकटलेली (पण कर्ण नसलेली) ती लगतची बाजू. मग

साइन = संमुख / कर्ण
कॉस = लगतची / कर्ण
टॅन = संमुख / लगतची

आणि यांचे व्यस्त म्हणजे उरलेली तीन गुणोत्तरं: कोसेक = कर्ण / संमुख, सेक = कर्ण / लगतची, कॉट = लगतची / संमुख. इथे एक चूक फार होते. ‘सेक’ ऐकलं की तो साइनचा व्यस्त असावा असं वाटतं, कारण दोन्हींची सुरुवात स ने होते. जोड्या नीट पाहा: साइन–कोसेक, कोसाइन (कॉसचं पूर्ण नाव)–सेक, टॅन–कॉट. प्रत्येक जोडीत एकाच नावाची सुरुवात ‘को’ किंवा ‘कॉ’ने होते. एवढं ध्यानात ठेवलं की जोडी चुकत नाही.

सहा नावं असली तरी खरे दोनच, साइन आणि कॉस. टॅन म्हणजे साइन/कॉस, कॉट म्हणजे कॉस/साइन, सेक म्हणजे १/कॉस, कोसेक म्हणजे १/साइन. पुढे सगळीकडे कोन एकच असल्यामुळे मी ‘थीटा’ प्रत्येक ठिकाणी लिहीत नाही. तुम्ही वहीत लिहिताना मात्र तो कधीही गाळू नका. कोनाशिवाय नुसत्या ‘साइन’ला अर्थ नाही, जसं नुसत्या ‘वर्गमूळ’ या शब्दाला आकडा नाही.

जीवा आणि कोटी

‘साइन’ हा शब्द परका वाटतो, पण तो निघाला आपल्याकडूनच. वर्तुळाच्या जीवेला आपण मराठी माध्यमात ‘जीवा’च म्हणतो. वर्तुळाचा कंस म्हणजे वाकवलेलं धनुष्य, त्याला ‘चाप’ म्हणत; धनुष्याची दोरी ती ‘ज्या’ किंवा ‘जीवा’; आणि दोरीच्या मध्यापासून कंसापर्यंत जाणारा तो ‘शर’, म्हणजे बाण. खगोलाची गणितं करणाऱ्यांना पूर्ण जीवेपेक्षा अर्धी जीवा सोयीची पडली. वर्तुळाच्या केंद्रातून कर्णाएवढी त्रिज्या काढा, तिच्या टोकापासून आडव्या व्यासावर लंब टाका. तो लंब म्हणजे अर्धी जीवा, आणि काटकोन त्रिकोणाच्या भाषेत तीच संमुख बाजू; इथून पुढे ‘ज्या’ म्हणजे हीच अर्धी जीवा. अरबी गणितज्ञांनी ‘जीवा’ हा शब्द ‘जिबा’ असा उचलला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने तो पुढे ‘जैब’ असा वाचला गेला, ज्याचा अर्थ कपड्याची घडी. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा घडी या अर्थाचा लॅटिन शब्द ‘सायनस’ वापरला गेला, आणि त्याचाच आजचा ‘साइन’ झाला.

कॉसचं तर मराठी मुलांना आणखी सोपं जावं. ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश येते त्यांना आपण कोटिकोन म्हणतो. जुन्या ग्रंथांत कोसाइनला ‘कोटिज्या’ म्हणत. कोटिकोनाची ज्या ती कोटिज्या. म्हणजे कॉस ३०° आणि साइन ६०° एकच, कॉस २०° आणि साइन ७०° एकच. गुण्याकडे पाहा: ३० अंशांच्या कोपऱ्यातून जी बाजू लगतची दिसते तीच ६० अंशांच्या कोपऱ्यातून संमुख होते. साइन(९०° − थीटा) = कॉस थीटा हे सूत्र शब्दातच बसलेलं आहे, वेगळं पाठ करायला नको.

आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त अशा अर्ध्या जीवांचं, म्हणजे ‘ज्यां’चं, कोष्टक दिलं. काटकोनाचे २४ समान भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पावणेचार अंशांचा. त्रिज्या त्यांनी ३४३८ धरली. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो विचारपूर्वक घेतलेला आहे: पूर्ण वर्तुळात ३६० × ६० = २१,६०० कला, आणि २१,६०० ला २ पायने भागलं की जवळपास ३४३८ येतात. म्हणजे कंस आणि ज्या दोन्ही एकाच मापात मोजता येतात. त्या कोष्टकात ३० अंशांची ज्या १७१९ येते आणि ६० अंशांची २९७८. आता तुम्हीच पडताळा:

१७१९² + २९७८² = २९,५४,९६१ + ८८,६८,४८४ = १,१८,२३,४४५

याचं वर्गमूळ सुमारे ३४३८.५. त्रिज्या होती ३४३८. जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीच्या पूर्णांकांच्या कोष्टकात पायथागोरसचं नातं अर्ध्या एककाच्या फरकाने टिकून आहे. दहावीच्या वर्गात फळ्यावर हा गुणाकार मांडावा असं मला फार वाटतं. सूत्र छापील ओळीतून उठून आकड्यांत चालायला लागतं.

कर्ण १ धरा, मग लगतची बाजू १ धरा

आर्यभटांची त्रिज्या ३४३८ होती. आपण ती १ धरू. कर्ण १ असेल तर संमुख बाजू थेट साइन होते (कारण १ ने भागून काही बदलत नाही) आणि लगतची बाजू थेट कॉस. पायथागोरस सांगतो:

साइन² + कॉस² = १

झालं. यात लपलेलं काही नाही. साइन² म्हणजे आधी साइन काढायचा, मग त्याचा वर्ग करायचा, एवढं लक्षात ठेवा. कोनाचा वर्ग करायचा नाही.

याला नित्यसमानता का म्हणतात आणि समीकरण का नाही? ‘साइन = कॉस’ ही ओळ लघुकोनांपैकी फक्त ४५ अंशांना खरी आहे; ते समीकरण, त्यात कोन शोधायचा असतो. ‘साइन² + कॉस² = १’ कुठलाही कोन घाला, खरीच. नित्य समान. (अ + ब)² = अ² + २अब + ब² हीसुद्धा नित्यसमानताच होती, फक्त तेव्हा तिला आपण विस्तारसूत्र म्हणत होतो.

दुसरीसाठी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. भिंतीपासून बरोबर १ मीटरवर जमिनीत एक खुंटी आहे. खुंटीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक भिंतीवर वर कुठेतरी ताणून बांधलंय. दोरी जमिनीशी जो कोन करते तो थीटा. इथे लगतची बाजू १ मीटर. मग भिंतीवरची उंची म्हणजे टॅन आणि दोरीची लांबी म्हणजे सेक. दोरी कर्ण आहे, म्हणून

सेक² = १ + टॅन²

४५ अंशांना उंची १ मीटर, दोरी १.४१४ मीटर. ६० अंशांना उंची १.७३२, दोरी २ मीटर. कोन वाढवत न्या. ८९ अंशांना उंची सुमारे ५७.२९ मीटर होते आणि दोरी सुमारे ५७.३० मीटर, दोघींत फक्त ९ मिलिमीटरच्या आसपास फरक. तरीही त्यांच्या वर्गांतला फरक अजून १ च आहे. हे आधी पटत नाही. वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले की पटतं:

(सेक − टॅन)(सेक + टॅन) = १

दोरी आणि उंचीची बेरीज जितकी प्रचंड होते, तितकी त्यांची वजाबाकी बारीक होत जाते आणि गुणाकार १ वर स्थिर राहतो. ही ओळ वेगळी लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आणि कोन ९० अंश झाला तर? दोरी भिंतीला समांतर उभी राहील, भिंतीला कधीच टेकणार नाही. टॅन ९०° आणि सेक ९०° ठरवता येत नाहीत म्हणतात ते यामुळे. नित्यसमानता ‘नेहमी’ खरी म्हणजे तिच्यातल्या सगळ्या गुणोत्तरांना अर्थ असेल तिथे नेहमी.

चित्राशिवायही हीच ओळ मिळते: पहिल्या नित्यसमानतेच्या प्रत्येक पदाला कॉस² ने भागा. पण मी चित्राची बाजू घेईन. भागाकाराची पायरी विसरता येते, ताणलेली दोरी विसरता येत नाही.

तिसरी तुम्ही काढा. संमुख बाजू १ धरा, कर्ण आणि लगतची बाजू काय होतात ते लिहा, पायथागोरस लावा. कोसेक² = १ + कॉट² आलं पाहिजे.

सिद्ध करताना

परीक्षेत विचारतात ते सहसा ‘सिद्ध करा’. इथे बरीच मुलं डावी आणि उजवी बाजू बरोबरच्या चिन्हाने जोडून लिहितात आणि तिरकस गुणाकार करत खाली १ = १ पर्यंत येतात. हे सिद्ध करणं झालं नाही. जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत खरं धरून बसलो. या वाटेने चुकीचंही ‘सिद्ध’ होतं: ३ = −३ लिहा, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, ९ = ९. शेवटची ओळ खरी आली म्हणून पहिली खरी ठरत नाही. म्हणून एकच बाजू घ्यायची, जास्त गुंतागुंतीची घ्यायची, आणि तिला बदलत बदलत दुसऱ्या बाजूपर्यंत न्यायचं. गुंतागुंतीची का? कारण पसारा आवरणं सोपं असतं. नीट आवरलेल्या खोलीतून ठरावीक पसारा तयार करणं अवघड.

टॅन + कॉट = सेक × कोसेक हे घ्या. डावी बाजू साइन-कॉसमध्ये लिहिली की साइन/कॉस + कॉस/साइन. छेद समान केला:

(साइन² + कॉस²) / (साइन × कॉस)

अंशस्थानी १ आला. उरलं १/(साइन × कॉस), म्हणजेच कोसेक × सेक. काही सुचलं नाही तर सगळं साइन-कॉसमध्ये आणायचं, ही पहिली युक्ती इथे पुरली.

दुसरी युक्ती नववीतून आलेली आहे. छेदात २ − √३ असेल तर आपण अंश-छेदाला २ + √३ ने गुणत होतो. त्या अनुबद्ध जोडीचं काम एवढंच की छेदात दोन वर्गांची वजाबाकी तयार व्हावी. आता कॉस/(१ − साइन) पाहा. अंश-छेदाला (१ + साइन) ने गुणलं की छेद १ − साइन² होतो, आणि तो म्हणजे कॉस². वर कॉस(१ + साइन), खाली कॉस². एक कॉस गेला:

कॉस/(१ − साइन) = (१ + साइन)/कॉस

उजवी बाजू फोडली तर १/कॉस + साइन/कॉस, म्हणजे सेक + टॅन. म्हणून १ − साइन, १ + कॉस, सेक − टॅन असलं काही छेदात दिसलं की हाताने लगेच त्याची जोडी शोधावी.

तिसरी युक्ती चौथ्या घातांसाठी. साइन⁴ + कॉस⁴ पाहून घाबरू नका. साइन² ला अ म्हणा, कॉस² ला ब म्हणा. अ² + ब² = (अ + ब)² − २अब, आणि अ + ब = १. म्हणून साइन⁴ + कॉस⁴ = १ − २ साइन² कॉस². तात्पुरती अक्षरं वापरायला कोणी मनाई केलेली नाही. साइन आणि कॉस ही नावंच डोळ्यांना दिपवतात. ती झाकली की खाली ओळखीचं बीजगणित दिसतं.

आणखी एक प्रकार नेहमी येतो: साइन = ७/२५ दिलं, कॉस आणि टॅन काढा. नित्यसमानतेने कॉस² = १ − ४९/६२५ = ५७६/६२५, लघुकोन असल्याने धन वर्गमूळ घेऊन कॉस = २४/२५, टॅन = ७/२४. त्रिकोणाने: संमुख ७, कर्ण २५, तिसरी बाजू २४. दोन्ही रीतींनी सोडवा आणि दोन्ही एकच आहेत हे वहीत बाणाने जोडून दाखवा.

उत्तर तपासायचं कसं

नित्यसमानतेची एक मोठी सोय आहे. शंका आली की एखादा कोन घालून पाहायचा. पण कोन निवडताना जपून. समजा कोणी म्हटलं, साइन + कॉस = १. शून्य अंशाला तपासलं तर ० + १ = १, बरोबर! ९० अंशांना १ + ० = १, तेही बरोबर! तरी विधान खोटं आहे. ३० अंशांना ०.५ + ०.८६६ म्हणजे १.३६६. आणि खोटं का, हे त्रिकोणच सांगतो: कर्ण १ असेल तर साइन आणि कॉस या उरलेल्या दोन बाजू, आणि कोणत्याही त्रिकोणात दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते. लघुकोनासाठी साइन + कॉस नेहमीच १ पेक्षा जास्त. बाजूंच्या वर्गांचा हिशोब बरोबर १ ला येतो, नुसत्या बाजूंचा येत नाही.

४५ अंशही फसवा. तिथे साइन आणि कॉस सारखेच, टॅन आणि कॉट सारखेच. त्यांची अदलाबदल झालेली असली तरी पत्ता लागणार नाही. ३० अंश घ्या. गुण्या हाताशी असतोच. वरचं कॉस/(१ − साइन) तपासून पाहा: ०.८६६/०.५ = १.७३२, आणि १.५/०.८६६ = १.७३२. एका कोनावर जुळलं म्हणून सिद्ध झालं असं नाही, पण जुळलं नाही तर कुठेतरी चूक आहे हे नक्की. बरेचदा तेवढीच माहिती हवी असते.

तपासून पकडता येणाऱ्या दोन चुका तर मी सगळ्यात जास्त वेळा पाहिल्या आहेत. पहिली, √(१ − साइन²) ला १ − साइन लिहिणं. ३० अंश घाला: एकीकडे ०.८६६, दुसरीकडे ०.५. दुसरी, साइन(अ + ब) ला साइन अ + साइन ब लिहिणं, जणू साइन हा कंसाबाहेरचा गुणक आहे. अ = ३०, ब = ६० घाला: डावीकडे साइन ९०° = १, उजवीकडे १.३६६.

खरं सूत्र दहावीच्या पुढे येतं, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही:

साइन(अ + ब) = साइन अ × कॉस ब + कॉस अ × साइन ब

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ज्योत्पत्तीच्या, म्हणजे ज्या तयार करण्याच्या, भागात हा नियम दिलेला आहे. हे तेच भास्कराचार्य, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. आता या नियमात अ आणि ब कोटिकोन घ्या, म्हणजे ब = ९०° − अ. साइन ९०° = १ डावीकडे. उजवीकडे कॉस ब चा साइन अ होतो आणि साइन ब चा कॉस अ. राहिलं काय? १ = साइन² अ + कॉस² अ. गुण्यावर मोजलेली तीच ओळ वेगळ्या दाराने परत आली.

सराव

दिवसाला पंचवीस उदाहरणं उरकण्यापेक्षा चार करा, पण अशी: प्रत्येक पायरीच्या उजव्या अंगाला दोन-तीन शब्दांत कारण लिहायचं. ‘छेद समान केला’, ‘कर्ण १ वाली’, ‘अनुबद्ध जोडी’. कारण लिहिता आलं नाही ती पायरी उत्तरातून उचललेली असते. सोडवलेलं उदाहरण वाचताना उत्तर कागदाने झाका, एकेक ओळ खाली सरकवा आणि पुढची ओळ स्वतः सांगून मगच बघा. अडलेलं उदाहरण दोन दिवसांनी वही न उघडता पुन्हा करा. आणि रोज सुरुवात कोऱ्या कागदावर तीन छोटे त्रिकोण काढून करा, एकात कर्ण १, एकात लगतची १, एकात संमुख १. दोन मिनिटांचं काम आहे. आठवडाभरात भिंतीवरची यादी काढून टाकावीशी वाटेल.

पण सगळ्यात जास्त शिकवतो तो उलटा सराव, स्वतः उदाहरण तयार करण्याचा. खरी ओळ घ्यायची आणि तिला वेषांतर करायला लावायचं. (सेक − टॅन)(सेक + टॅन) = १ घ्या. एका कंसाने भागा: १/(सेक − टॅन) = सेक + टॅन. हे झालं एक ‘सिद्ध करा’. आता उजव्या बाजूला सेक + टॅनच्या जागी (१ + साइन)/कॉस लिहा, डाव्या बाजूला १ च्या जागी कोसेक² − कॉट² लिहा. उदाहरण आता चांगलं भीतिदायक दिसतं, आणि तुम्हाला मात्र त्याच्या आतला प्रत्येक सांधा माहीत आहे. परीक्षेतली बरीच उदाहरणं अशीच तयार झालेली असतात. स्वतः चार वेषांतरं केली की दुसऱ्याने केलेलं वेषांतर ओळखता येतं. वर्गात जोडीने हे करून पाहावं, एकाने वेष चढवायचा आणि दुसऱ्याने उतरवायचा.

अशाच एका तासाला एका मुलीने साइन² + कॉस² = १ घेतलं आणि दोन्ही बाजूंना साइन² × कॉस² ने भागलं. पदं सुटी केल्यावर तिला मिळालं:

सेक² + कोसेक² = सेक² × कोसेक²

ती वही घेऊन आली ती चूक झाली असं समजून. दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार एकच कसा येईल? आम्ही गुण्याचे ३० अंश घातले. सेक² म्हणजे ४/३, कोसेक² म्हणजे ४. बेरीज १६/३, गुणाकार १६/३. मग तिने ४५ अंश घातले: २ आणि २, बेरीज ४, गुणाकार ४. मग तिने ६० घेतले, आणि पेन्सिल खाली ठेवली नाही.